तक्रार : एका शब्दाची ओळख



भिवापुरात बँकेच्या काउंटरवर आम्ही नेहमी ऐकतो, "साहेब, तक्रार नाही, सहज विचारतो." शिष्यवृत्ती जमा न झालेला विद्यार्थीही असेच बोलतो. तक्रार केली की आपण भांडखोर ठरू, ही त्याची धास्ती.

शब्द मात्र मुळात निरुपद्रवी आहे. तो अरबी, अर्थ पुन्हा पुन्हा म्हणणे. फारसी-उर्दूत त्याला वादाचा, भांडणाचा अर्थ चिकटला आणि मराठीत तो गाऱ्हाण्याच्या शेजारी येऊन बसला. 'फिर्याद' फारसी, म्हणजे मदतीची हाक. ती कोर्टात गेली. 'कुरकुर' तेवढी घरची राहिली, तिला कागद लागत नाही!

२० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. शिक्षणप्रसार व आर्थिक उन्नती यांबरोबर अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडणे हाही तिचा घोषित उद्देश होता.

त्याही मागे विनयपिटकात जावे. भर पावसाळ्यात भिक्खू हिरवे गवत तुडवीत फिरतात, बारीक जीव मरतात, अशी कुरबुर लोकांनी केली. भिक्खूंनी ती भगवंतांच्या कानी घातली. भगवंतांनी लोकांना दोष दिला नाही. भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. आपला वर्षावास तो हाच.

त्या विद्यार्थ्याला आम्ही कोरा कागद दिला, तारीख घालायला लावली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला सांगितले. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, तीच प्रत घेऊन.