नाव बदललं, नोंद राहिली

सप्टेंबर 2023मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. रस्त्यावरच्या पाट्या रंगवून बदलता येतात. पण जिल्हा-तालुक्यांच्या याद्या वापरणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्येही कुणाला तरी हा बदल करावा लागतो. तो करताना जुनं हाताशी राहावं, म्हणून प्रोग्रामर ‘व्हर्जन कंट्रोल’ वापरतात.

यातलं आज सर्वांत रुळलेलं साधन म्हणजे गिट. लिनक्सच्या मंडळींना बिटकीपर ही प्रणाली मोफत मिळत होती. 2005मध्ये ती सवलत बंद झाली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं आणि काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच नोंदवला जाऊ लागला.

समजा, एका फाइलमध्ये जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांची नावं आहेत. फोल्डरमध्ये ‘गिट इनिट’ ही आज्ञा द्यायची. मग ‘गिट अ‍ॅड’ने फाइल निवडायची आणि ‘गिट कमिट’ने तिची पहिली नोंद करायची. आता उस्मानाबाद तालुक्याचं नाव खोडून धाराशिव लिहा आणि ‘गिट डिफ’ म्हणा. जुनी ओळ वजा चिन्हासह दिसेल, नवी अधिक चिन्हासह. तुळजापूर, परंडा, वाशी जागच्या जागी. पुन्हा अ‍ॅड, पुन्हा कमिट.

सातबाऱ्यावर आजचा मालक दिसतो. जमीन त्याच्या नावावर कशी आली, ते फेरफार सांगतो. कमिट म्हणजे कोडचा फेरफार: कुणी, कधी आणि का. यातलं ‘का’ माणसानेच लिहायचं असतं. नुसतं ‘बदल केला’ लिहिलं, तर वर्षभराने कुणालाच काही कळत नाही. ‘अधिसूचनेनुसार तालुक्याचं नाव बदललं’ लिहिलं, तर प्रश्नच उरत नाही.

नव्या नावामुळे जुने अर्ज सापडेनासे झाले तर? म्हणून बदल आधी वेगळ्या ‘ब्रँच’वर, म्हणजे कोडच्या समांतर शाखेवर तपासतात आणि नीट चालला की मूळ कोडमध्ये ‘मर्ज’ करतात. एकाने ‘धाराशिव’ आणि दुसऱ्याने ‘धाराशीव’ लिहिलं असेल, तर गिट तिथेच थांबतं. दोन्ही ओळी फाइलमध्ये खुणा करून समोर ठेवतं. कोणती ठेवायची, हे अधिसूचना बघून माणसाने ठरवायचं.

गिटहब ही मात्र वेगळी गोष्ट. ती गिटचे प्रकल्प ऑनलाइन ठेवायची जागा आहे. गिटमध्ये प्रकल्पाचा सगळा इतिहास आपल्याच संगणकावर असतो, त्यामुळे याच जिल्ह्यातल्या भूममध्ये नेट गेलं तरी कमिट करता येतं. नेट आलं की ‘गिट पुश’ने ते वर पाठवायचं.