तळातली ती लिंक: वेबसाइटचं ॲक्सेसिबिलिटी स्टेटमेंट खरं कसं लिहायचं

आज मागं पंख्याचा आवाज येईल, सांभाळून घ्या. हा भाग दिंद्रुडला घरूनच रेकॉर्ड करतोय. मध्येच लाईट गेली तर उरलेलं मोबाईलवर बोलणार, एवढं आधीच सांगून ठेवतो.

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. वेबसाइटच्या अगदी तळाला, प्रायव्हसी पॉलिसीच्या शेजारी, एक लिंक असते: ॲक्सेसिबिलिटी स्टेटमेंट. मराठीत सुगम्यता निवेदन. हा शब्द मी ज्या दुकानदाराला सांगितला ते म्हणाले, "म्हणजे सुगम संगीताचा कार्यक्रम हाय का?" तर नाही. ज्यांना दिसत नाही, कमी दिसतं, ऐकू येत नाही, हात नीट चालत नाहीत, त्यांना ही साइट कितपत वापरता येते, कुठं अडेल, आणि अडलं तर कुणाला फोन करायचा, हे त्या पानावर सांगायचं असतं.

आणि असं एक खोटं पान मी स्वतः लिहिलंय. म्हणून हा भाग.

झालं असं. आमच्या भागातल्या एका कृषी सेवा केंद्राची वेबसाइट मी केली. विद्राव्य खतं, ठिबकचं सामान, फवारणीचे पंप. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. शेवटच्या रात्री फूटर भरताना मी कुठल्यातरी परदेशी कंपनीचं स्टेटमेंट उचललं, मराठी केलं, नाव बदललं आणि चिकटवलं. "आमची वेबसाइट सर्वांना सहज वापरता येते. आम्ही आंतरराष्ट्रीय मानकांचं पूर्ण पालन करतो." तपासलं काय होतं? काहीच नाही. लाइटहाऊसचा स्कोअर 96 आला होता, तेवढ्यावर छाती फुगली.

माझा एक आतेभाऊ आहे. दहावीनंतर त्याची नजर गेली. मोबाईल मात्र आपल्यापेक्षा फास्ट वापरतो, टॉकबॅक लावून. स्क्रीनवर बोट उजवीकडं सरकवलं की पुढची गोष्ट वाचून दाखवतं, दोनदा टॅप केलं की उघडतं. त्यानं या साइटवरून 19:19:19 ची एक किलोची पिशवी मागवली, कॅश ऑन डिलिव्हरी. दारात सहा पिशव्या आल्या. प्लस आणि मायनसच्या बटणांना मी नावंच दिली नव्हती. टॉकबॅक नुसतं "बटण, बटण" म्हणत होतं. त्याला वाटलं हे "पुढे" असेल, म्हणून तो दाबत राहिला. घरात तेवढे पैसे नव्हते. डिलिव्हरीवाला दारात उभा, आणि सगळ्यांसमोर बोलणं खावं लागलं ते त्याला.

मी म्हटलं, अरे, शेजारी बारक्याला बसवायचं ना. तो म्हणाला, "दादा, तसंच करतो मी नव्या साइटला. पण खाली तुझं लिहिलेलं वाचलं ना, सगळ्यांना वापरता येती म्हणून. म्हटलं, मग एकट्यानं करू."

बघा, अख्ख्या साइटवर टॉकबॅकनं एकच पान नीट वाचलं होतं, आणि ते खोटं होतं. काहीच लिहिलं नसतं तर तो सावध राहिला असता.

मग मी आधी टॉकबॅक चालू केलं, डोळ्यांवर उपरणं बांधलं आणि स्वतः ऑर्डर करायला बसलो. तुम्हीही करून बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर व्हॉल्यूमची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबली की टॉकबॅक सुरू करता येतं. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आहे, तो फुकट आहे. मला खताच्या पानापर्यंत पोचायलाच अकरा मिनिटं लागली. आतेभाऊ शेजारी बसून हसत होता. पण माझी अकरा मिनिटं हा काही पुरावा नाही, मी नवशिका. खरी तपासणी तो बसला तेव्हा झाली.

काय काय निघालं? पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी लिहिलेली, त्यामुळं मराठी मजकूर भलत्याच आवाजात. एकदोन अक्षरांची दुरुस्ती: 'ईएन'च्या जागी 'एमआर'. फिकट हिरवी अक्षरं पांढऱ्यावर. साध्या मजकुराला निदान साडेचारास एक एवढा कॉन्ट्रास्ट लागतो, तो नव्हता. आणि आपल्याकडचा खास रोग म्हणजे चित्रं. व्हॉट्सॲपवर फिरवायला केलेलं बॅनर, तेच साइटवर. खताचं प्रमाण, किती लिटरला किती ग्रॅम, सगळं त्या जेपीजीमध्ये. टॉकबॅकला तिथं फक्त "इमेज" दिसते. अशी 61 उत्पादनं निघाली. वर कंपन्यांची माहितीपत्रकं कृती देवसारख्या जुन्या फॉन्टमधली. आपल्याला मराठी दिसतं, पण आत युनिकोड नसतं, म्हणून स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांचा चिवडा वाचतो. गावोगावच्या डीटीपी सेंटरवाल्यांवर एक वेगळा भाग करायचाय मला, असो.

सगळं एका आठवड्यात होणार नव्हतं. मालकांना म्हटलं, झालेलं लिहू आणि न झालेलंही लिहू. ते बिथरले. "इंजिनिअर साहेब, आपल्याच दुकानावर आपणच पाटी लावायची का, की माल खराब आहे म्हणून?" त्यांचा मुलगा म्हणाला, एक विजेट मिळतं, एक ओळ टाकली की साइट आपोआप सगळ्यांसाठी होते. मी त्याला सांगितलं, असंच वचन देणाऱ्या ॲक्सेसिबी कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जानेवारी 2025 मध्ये 10 लाख डॉलरची कारवाई केली. आपोआप काही होत नाही. यंत्र एवढंच सांगतं की चित्राला वर्णन आहे. ते वर्णन "आयएमजी 2041" असलं तरी यंत्र खूश.

कायद्याचं म्हणाल तर मी वकील नाही. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 46 सरकारी आणि खासगी, दोन्ही सेवा देणाऱ्यांबद्दल आहे. आणि 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टानं प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यात डिजिटल सेवा वापरता येणं हे घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात धरलं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या त्या बाई. बँकेच्या केवायसीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवा म्हणत होते, आणि ते त्यांना शक्यच नव्हतं. मालकांना कलमं फारशी पटली नाहीत. उघडझापेची गोष्ट ऐकून मात्र ते गप्प झाले.

मग आम्ही लिहिलं ते वाचून दाखवतो:

"ही वेबसाइट डब्ल्यूसीएजी 2.1 च्या डबल ए पातळीपर्यंत नेण्याचा आमचा प्रयत्न आहे. आज ती तिथं पोचलेली नाही. 12 जुलै 2025 ला रोज टॉकबॅक वापरणाऱ्या एका ग्राहकानं आणि साइट बनवणाऱ्यानं अँड्रॉइड फोनवर ती तपासली. आयफोनवर तपासलेली नाही. शोध, कार्ट आणि ऑर्डर टॉकबॅकवर चालतात. 61 उत्पादनांचं वापराचं प्रमाण फक्त चित्रात आहे, ते वाचलं जाणार नाही. फोन करा, दुकानातला माणूस पिशवीवरचं वाचून सांगेल. कंपन्यांची माहितीपत्रकं वाचली जाणार नाहीत. चित्रांचं काम 30 सप्टेंबरपर्यंत करू. अडलं तर फोन किंवा व्हॉट्सॲप, सकाळी 9 ते संध्याकाळी 7. उत्तर दुसऱ्या दिवसापर्यंत."

खाली नंबर. "पूर्ण", "सर्वांना", "कटिबद्ध" हे तिन्ही शब्द आतेभावानं काढायला लावले. "आयफोनवर तपासलेली नाही" ही ओळ मालकांना नको होती. त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. पण न तपासलेलं तपासलं म्हणायचं नाही, एवढ्यावर मी अडून बसलो. आणि फोन उचलणार कोण, हेही आधी ठरवलं. काउंटरवरच्या पोराला सांगून ठेवलं, प्रमाण विचारलं तर पिशवी हातात घेऊन वाचायचं, आठवणीनं सांगायचं नाही.

त्यानंतर तीन फोन आले. त्यातले दोन नजर ठीक असलेल्यांचे; उन्हात शेतात उभं राहून त्यांना चित्रातली बारीक अक्षरं दिसत नव्हती. तिसरे एक आजोबा, मोतीबिंदूवाले.

30 सप्टेंबर येऊन गेली. 61 पैकी 22 चित्रं अजून तशीच आहेत. त्यातली बरीचशी माझ्यामुळं, ऑफिसच्या रिलीजमध्ये अडकलो. काल रात्री त्या ओळीतली तारीख नुसती पुढं ढकलणार होतो. मग तसं न करता लिहिलं: "ठरल्या तारखेला काम पूर्ण झालं नाही, 22 उत्पादनं बाकी आहेत." मालकांनी ते अजून वाचलेलं नाही. हे रेकॉर्डिंग संपलं की त्यांना फोन लावतो.