‘युनो’च्या दारातून परतलेले हैदराबाद

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त बीड येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



१७ सप्टेंबरला ध्वजवंदन करताना पोलीस कारवाईची आठवण निघतेच. त्याच आठवड्यात, १९४८ साली, बीडसह अवघ्या मराठवाड्याच्या भवितव्याचा प्रश्न पॅरिसमध्येही उपस्थित झाला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचे चौथे कलम नव्या सदस्यांविषयी आहे. अर्जदार शांतताप्रिय राज्य असावे, सनदेची बंधने त्याने स्वीकारावीत आणि ती पाळण्यास ते समर्थ असावे. सुरक्षा परिषद शिफारस करते; आमसभा दोन तृतीयांश मतांनी निर्णय देते. भारत १९४५ पासूनच संस्थापक सदस्य. फाळणीनंतरही त्याचे सदस्यत्व अखंड राहिले. पाकिस्तानला मात्र नव्याने अर्ज करून ३० सप्टेंबर १९४७ रोजी प्रवेश घ्यावा लागला.

निजामाने स्वतंत्र सार्वभौमत्वाची घोषणा केली होती, पण तेवढ्याने सदस्यत्व मिळत नव्हते. म्हणून त्याच्या सरकारने बाजूचे दार ठोठावले. पस्तिसाव्या कलमानुसार सदस्य नसलेले राज्यही आपला तंटा परिषदेपुढे नेऊ शकते. २१ ऑगस्ट १९४८ रोजी तक्रार गेली. १६ सप्टेंबरला ती कार्यसूचीवर आली. भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांचा आक्षेप मुळावरच होता : हैदराबाद हे स्वतंत्र राज्यच नव्हे, मग परिषदेपुढे येण्याचा अधिकार त्याला कोठून? दुसऱ्याच दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेत असल्याचे कळविले.

सैन्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्याआधीच प्रजेने आपला कौल दिला होता. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत अध्यापन केलेल्या स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली ७ ऑगस्ट १९४७ रोजी संस्थानात ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन पाळला गेला. लोक तुरुंगात गेले, रझाकारांचे अत्याचार त्यांनी सोसले. ज्या प्रजेला भारतात यायचे होते, तिच्या नावाने परदेशात सार्वभौमत्व मागणे पोकळच ठरणार होते.

उलट उदाहरणही पाहा. २०११ साली सार्वमताचा प्रचंड कौल घेऊन दक्षिण सुदान १९३ वा सदस्य झाला. पण २०१३ मध्येच तेथे यादवी पेटली. जगाच्या सभेत आसन मिळाले म्हणजे राष्ट्र घडतेच असे नाही. ते गावागावांतील माणसांच्या एकोप्यावर उभे राहते. आपल्या आधीच्या पिढीने तो एकोपा किंमत मोजून दाखविला. तो टिकविणे, हीच मुक्तिदिनाची खरी मानवंदना.