कावेरीकाठी आपले स्वागत

अध्यक्षमहाराज, दूरदूरच्या प्रयोगशाळांतून आलेले विद्वज्जन आणि तंजावरकर बंधुभगिनींनो,

संवर्धित मानवी पेशींत शिरविलेली विषाणूंची जनुके किती पिढ्या टिकतात, या आजच्या गहन विषयावर बोलण्याचा अधिकार मजकडे नाही. परंतु हाती आलेले जतन करण्यात ज्या गावाने पिढ्या खर्ची घातल्या, त्या गावाच्या वतीने आपले स्वागत करताना माझे अंतःकरण भरून येत आहे.

दुसरे सरफोजी महाराज १७९८ साली तंजावरच्या गादीवर आले आणि पुढल्याच वर्षी मुलुखाचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. किल्ला आणि भोवतालची थोडी जागा एवढेच हाती उरलेल्या त्या राजाने आपली सारी उमेद सरस्वती महालाच्या ग्रंथसंग्रहात, ओरत्तनाडूच्या मुक्तांबा छत्रातील अन्नदानात आणि धन्वंतरी महालातील औषधोपचारांत वेचली. नेत्ररोग्यांची त्यांनी करवून घेतलेली टिपणे आजही शाबूत आहेत: रोग्याचा डोळा हुबेहूब रंगविलेला, आणि सोबत व्याधीची नोंद. एवढ्या निगुतीने रोगी पाहणारा राजा माझ्या ऐकिवात दुसरा नाही.

आपले निबंध चाळताना मला उमगले ते इतकेच, की १९५१ साली बाल्टिमोर येथे घेतलेल्या ‘हीला’ नावाच्या पेशींत पॅपिलोमा विषाणूची जनुके अद्याप कार्यरत आहेत. १९७३ साली लायडन येथे सिद्ध झालेल्या ‘२९३’ नावाच्या पेशींच्या एकोणिसाव्या गुणसूत्रात अॅडिनोविषाणूचा तुकडा ठाण मांडून आहे. आणि कित्येक पेशींत मात्र जनुक जागच्या जागी असूनही मिथिलीकरणामुळे मुके होते. आमच्या मोडी कागदांच्या रुमालांची गत हीच आहे. कागद जागेवर आहेत, वाचणारे विरळ झाले.

व्यवस्थेत उणिवा पुष्कळ आहेत. काल रात्री स्टेशनावर काही पाहुण्यांना वाहनासाठी तिष्ठावे लागले, ती चूक सर्वस्वी माझी. आपल्या नमुन्यांसाठी मागविलेली द्रव नायट्रोजनाची टाकी पहाटे पोचली, तोवर माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. निवासाच्या खोल्या लहान आहेत, उकाडाही फार. उदार मनाने सांभाळून घ्यावे. तिरुवैयारू आणि पापनाशम भागांतील शेतकऱ्यांनी तांदूळ, केळी आणि केळीची पाने पाठविली, व्यापारी मंडळींनी तेलातुपाचा भार उचलला, विद्यार्थ्यांनी मंडप उभा केला. नावे न घेण्याची दात्यांचीच सक्त ताकीद असल्यामुळे या सर्वांचे ऋण मी मस्तक लववून मान्य करतो.

उद्या सकाळी सरफोजी महाराजांच्या टिपणांतील ती नेत्रचित्रे आपणांस पाहता येतील अशी तजवीज केली आहे. ती पाहिल्यावाचून कोणी तंजावर सोडू नये, एवढीच माझी आग्रहाची विनंती.