गिऱ्हाईक शोधणे हेही संघटनेचेच काम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शहरातल्या कोणत्याही गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा डोळ्यांसमोर आणावी. रंगकामाच्या खर्चावर दोन तास वाद होतो, वाहने उभी करण्याच्या जागेवरून आवाज चढतात. मग जिने, गच्ची आणि आवार झाडण्याचा विषय येतो. चिटणीस तीन दरपत्रके वाचून दाखवतात, सर्वांत कमी दराचे मंजूर होते आणि सभा चहाकडे वळते. त्या पाच मिनिटांत दोन-तीन स्त्रियांच्या वर्षभराच्या मजुरीचा निकाल लागलेला असतो. सभेत बसलेल्यांमध्ये आयुष्यभर कामगारांच्या मोर्चांत चाललेले कार्यकर्तेही असतात. कमी दराच्या बाजूने त्यांचाही हात वर गेलेला असतो.

सफाई कामगारांनी कंत्राटदाराच्या हाताखालून सुटून स्वतःची सहकारी संस्था काढावी, हा ठराव अनेक व्यासपीठांवर झाला आहे. संस्था नोंदवणे फारसे अवघड नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा जण एकत्र आले की अर्ज करता येतो. अवघड आहे ते त्यानंतरचे. फलक लागतो, शिक्का तयार होतो, पहिली सभा उत्साहात पार पडते. आणि काम मात्र येत नाही. झाडणे-पुसणे सभासदांना उत्तम येत असते. गिऱ्हाईक कसे मिळवावे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. आणि ते व्यापाऱ्याचे काम मानून कार्यकर्तेही त्यापासून दूर राहतात. अशा संस्थेचा जीव या दुर्लक्षातच जातो.

गिऱ्हाइकाचा प्रश्न हाती घेण्यापूर्वी एक सीमारेषा स्पष्ट आखली पाहिजे. जेथे काम कायमस्वरूपी आणि सार्वजनिक आहे, तेथे पहिली मागणी कायम नोकरीचीच राहिली पाहिजे. कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा १९७० साली झाला. त्याच्या आधारे केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ रोजी अधिसूचना काढून आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींत झाडलोट, सफाई आणि पहाऱ्याच्या कामांसाठी कंत्राटी कामगार ठेवण्यास मनाई केली. ती अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात रद्द ठरवली. १९७० च्या कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. २०२० साली संमत झालेली ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगारांना मनाई केली. परंतु जी आस्थापना सफाईसाठीच उभारलेली नाही, तिच्यापुरते सफाईचे काम गाभ्याबाहेर ठेवले. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी जे काम कंत्राटातून बाहेर काढायला हवे असे शासनालाही वाटले होते, तेच काम आज कायद्याच्या व्याख्येनेच कंत्राटाच्या वाटेवर सोडले आहे.

तरीही लढून मिळते, हे मुंबईने दाखवले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा दिला, आणि मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. अशा ठिकाणी सहकारी संस्थेची निविदा पुढे करणे म्हणजे कामगारांच्याच हाताने कायम नोकरीच्या मागणीला सुरुंग लावणे होय. सहकाराचे क्षेत्र वेगळे आहे. गृहनिर्माण संस्था, खासगी दवाखाने, शिकवणी वर्ग, पतपेढ्या, मंगल कार्यालये, लहान कारखाने, दुकानांच्या इमारती येथे काम थोडे-थोडे आणि विखुरलेले असते. कायम नोकरी देईल असा मालकच तेथे नसतो. असतो तो फक्त कंत्राटदार. त्याची जागा कामगारांच्या संस्थेने घ्यायची आहे.

हे शक्य आहे याचा दाखला अहमदाबादेत आहे. १९७२ साली इला भट्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘सेवा’ संघटनेत कागद वेचणाऱ्या स्त्रिया आल्या. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी ‘सौंदर्य’ ही सफाईची सहकारी मंडळी उभी केली आणि शहरातील संस्थांची व कचेऱ्यांची सफाई हाती घेतली. रस्त्यावर पाठीला पोते लावून फिरणारी स्त्री ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वेतनावर संस्थेच्या दारातून आत जाऊ लागली. या बदलामागे संघटनेने केलेली एक गोष्ट होती. शहरातील संस्थांच्या चालकांकडे जाऊन तिने दया न मागता काम मागितले.

दुसरा दाखला पुण्याचा. १९९३ साली बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ओळखपत्र मिळवणे, भंगाराच्या दुकानातील वजन-मापाची लबाडी रोखणे, पोलिसांचा जाच थांबवणे, अशा कामांतून ती वाढली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जन्माला आली आणि २००८ साली तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. दोघींची जोडी ठरलेल्या वस्तीत दारोदार जाऊन ओला-सुका कचरा घेते, घराघरातून शुल्क गोळा करते आणि सुका माल विकून त्यातही भर घालते. या पद्धतीच्या मर्यादा आहेत. शुल्क थकते, सुट्टीच्या दिवशी बदली बाई मिळत नाही, भंगाराचा भाव पडला की मिळकत घसरते. पण तिचे एक मोठे बळ आहे. गिऱ्हाईक बाईला ओळखते आणि बाई गिऱ्हाइकाला. २०२०-२१ मध्ये कराराच्या नूतनीकरणाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा पुण्यातील अनेक सामान्य नागरिक या स्त्रियांच्या बाजूने बोलले. निविदेतून आलेल्या कंत्राटदारासाठी असे कोणी बोलल्याचे सहसा ऐकिवात नसते.

या दोन उदाहरणांतून कार्यपद्धतीचे काही नियम निघतात. पहिला नियम जवळच्या कामाचा. सफाईचे काम पहाटे आणि तासा-दोन तासांच्या तुकड्यांत असते. बाईला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला बस धरावी लागली, तर तिचा वेळ आणि भाडे यांतच मजुरी जिरते. म्हणून नव्या संस्थेने पहिले गिऱ्हाईक सभासदांच्या वस्तीपासून पायी जाण्याच्या अंतरावरच शोधावे. एका वॉर्डाचा कागदावर नकाशा काढावा. त्यात प्रत्येक इमारत, दवाखाना, बँक, शाळा यांची नोंद करावी; तेथे सध्या कोण झाडते, किती वाजता, पैसे कोण देते, हे विचारून लिहावे. ही माहिती मिळवायला बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही. त्याच इमारतींत धुणी-भांडी करणाऱ्या स्त्रिया सभासदांच्या शेजारीच राहतात आणि त्यांना सगळे ठाऊक असते.

दुसरा नियम उघड हिशेबाचा. दर सांगताना तो कसा आला हे गिऱ्हाइकापुढे मांडावे. समजा चाळीस सदनिकांची इमारत आहे आणि दोन स्त्रियांनी रोज दीड-दीड तास काम करायचे आहे. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७८ तास होतात. मजुरी, सामान आणि व्यवस्थापन मिळून तासाला १०० रुपये खर्च केवळ उदाहरणादाखल धरला, तर ७,८०० रुपये होतात. म्हणजे एका सदनिकेमागे महिन्याला १९५ रुपये. तेवढेच काम कोणी ४,००० रुपयांत करून देतो म्हणाला, तर तासाला सुमारे ५१ रुपये पडतात. त्यातून कंत्राटदाराचा नफा आणि फिनेल वजा केले की बाईच्या हातात काय पडते, हे सभेने स्वतःच ठरवावे.

याच हिशेबाला आणखी एक कसोटी आहे. वीसहून अधिक कामगार ठेवणाऱ्या कंत्राटदाराला मजुरीशिवाय भविष्य निर्वाह निधीसाठी सर्वसाधारणपणे १२ टक्के, कर्मचारी राज्य विम्यासाठी ३.२५ टक्के आणि किमान बोनससाठी ८.३३ टक्के खर्च करावा लागतो. एकूण २३.५८ टक्के. म्हणजे किमान वेतनाच्या प्रत्येक शंभर रुपयांवर, झाडू विकत घेण्यापूर्वीच, साडेतेवीस रुपयांचा बोजा चढतो. ज्या दरपत्रकात हे बसत नाही, ते कोणाच्या तरी चोरीवर उभे आहे. लहान सहकारी संस्थेला यातील काही कायदे लागू होत नसतील. तरीही तिने ही तरतूद आपल्या दरात धरलीच पाहिजे. आपल्याच सभासदांच्या म्हातारपणाचे पैसे कापून स्वस्त होणारी संस्था ही नाव बदललेला कंत्राटदारच होय. एक सवलत मात्र लहान संस्थेला न्यायाने मिळते. महाराष्ट्रात वीस लाख रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या सेवा पुरवणाऱ्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. मोठा कंत्राटदार बिलावर हा कर लावतो, लहान संस्थेला तो लावावा लागत नाही. हा फरक सोसायटीच्या खजिनदाराला सांगायला संकोच करू नये.

तिसरा नियम लेखी कराराचा. काय झाडायचे, काय पुसायचे, कोणत्या दिवशी टाकी वा गच्ची धुवायची, पैसे कोणत्या तारखेला मिळायचे, हे एका पानावर लिहावे. गटाराच्या चेंबरमध्ये किंवा मैल्याच्या टाकीत कोणी उतरणार नाही, हे त्यात ठळक असावे. २०१३ च्या कायद्याने अशी धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी घातली आहे. पाणी, स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची जागा मिळेल, हेही लिहून घ्यावे. सुरुवातीला एक महिना परस्पर खात्रीचा ठेवावा, पण तो फुकट नसावा. फुकट केलेल्या कामाची किंमत गिऱ्हाईक पुढेही फुकटच धरते. तक्रारीसाठी संस्थेच्या एका जबाबदार सभासदाचे नाव द्यावे आणि एकही तक्रार दुसऱ्या दिवसावर जाऊ देऊ नये. एका इमारतीतले चोख काम शेजारच्या इमारतीचे दार उघडते. या धंद्यात याहून मोठी जाहिरात नाही.

चौथा नियम संयमाचा. चार इमारती मिळाल्या की मोठ्या निविदेचा मोह होतो. तेथे अनामत रक्कम लागते, बिले महिनोन् महिने अडकतात, आणि ज्यांची चूल रोजच्या कमाईवर पेटते त्यांना उधारीवर थांबता येत नाही. सारे काम एकाच गिऱ्हाइकाकडून घेणाऱ्या संस्थेचा तो मालकच होऊन बसतो. दहा लहान गिऱ्हाइकांपैकी एक गेले तर नऊ उरतात.

आणखी एक गोष्ट धंद्याच्या पलीकडची, पण तितकीच महत्त्वाची. या देशात झाडूचा दर बाजाराने एकट्याने ठरवलेला नाही, जातीनेही ठरवला आहे. ज्यांनी हे काम करायचे त्यांना नकाराचा अधिकार नव्हता, म्हणून ते स्वस्त राहिले. रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली भंगीकाम मागण्यासाठी उपोषण केले, ते ही गाठ तोडण्यासाठीच. सहकारी संस्था एकाच जातीच्या स्त्रियांची राहिली आणि त्यांच्या मुलींपर्यंत तोच झाडू पोचला, तर पैसे चार अधिक मिळाले तरी गाठ कायम राहील. म्हणून सभासदत्व सर्वांना खुले असावे, यंत्रे वापरण्याचे शिक्षण सभासदांना मिळावे आणि हिशेबाच्या वहीवर व चेकवर सही करणारे हात झाडणाऱ्यांचेच असावेत.

आता प्रश्न कार्यकर्त्यांचा. तालुक्याच्या गावात आणि शहरात चळवळीची माणसे शाळांच्या नियामक मंडळांवर आहेत, पतपेढ्यांच्या संचालक मंडळांवर आहेत, दवाखान्यांचे आणि वाचनालयांचे विश्वस्त आहेत, सोसायट्यांचे चिटणीस आहेत. सफाईचे कंत्राट देण्याचा अधिकार त्यांच्या हातात आहे. पहिले गिऱ्हाईक शोधायला दूर जावे लागत नाही. ते बहुधा पक्षाच्या सभेतच बसलेले असते. त्याच्याकडे संस्थेच्या दोन स्त्रियांनी दरपत्रक घेऊन जावे, खुर्चीवर बसून बोलावे, आणि कार्यकर्त्याने त्यांच्या शेजारी बसावे, पुढे नव्हे.

पुढची सर्वसाधारण सभा येईल. रंगकामाचा वाद होईल, वाहनांचाही होईल. सफाईचा विषय आला की एका सभासदाने उठून एवढेच विचारावे, की या दरात झाडणाऱ्या बाईला तासाला किती पडतात. उत्तर मिळेपर्यंत त्याने खाली बसू नये.