दुखणं आमचं, संमतीही आमचीच

(बंगळूर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या कार्यकर्ता शिबिरात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



पगार, पेन्शन, रिक्त जागा यांवर आपण नेहमीच बोलतो. आज मी आपल्या दवाखान्याच्या केसपेपरवर बोलणार आहे. हा केसपेपर आता कपाटातून कॉम्प्युटरमध्ये गेला आहे. तो कोणी उघडायचा आणि कोणी नाही, हा प्रश्न थेट आपल्या भाकरीशी जोडलेला आहे.

बाहेरच्या माणसाचा डॉक्टर वेगळा आणि मालक वेगळा. रेल्वेत औषध देणारा डॉक्टर रेल्वेचा, फिट-अनफिट ठरवणारा रेल्वेचा आणि सिक मेमो देणारा साहेबही रेल्वेचाच. त्यामुळे काय होतं, ते रनिंग स्टाफला सांगायला नको. साखर वाढली, रक्तदाब वाढला, तरी काही जण रेल्वे हॉस्पिटलची पायरी चढत नाहीत. पदरचे पैसे मोजून गल्लीतल्या डॉक्टरकडून गोळ्या घेतात. मेडिकल कॅटेगरी गेली तर इंजिनवरून उतरावं लागेल, मायलेज बुडेल, ही त्यांची भीती. कोणाचं मन ठिकाणावर नसेल, तर तो त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सिग्नलचा रंग न दिसणाऱ्या माणसाला गाडी चालवू द्या, असं युनियन कधीही म्हणणार नाही. आपल्या मागे हजार-दीड हजार प्रवासी बसलेले असतात. मुदतीची मेडिकल तपासणी झालीच पाहिजे. पण त्या तपासणीतून ऑफिसला कळायला हवं ते एवढंच, की हा माणूस या कामाला फिट आहे की नाही. त्याला कोणता आजार आहे, तो कोणत्या गोळ्या घेतो, त्याच्या बायकोवर कसले उपचार चालू आहेत, हे बड्या बाबूच्या टेबलावर येण्याचं कारण नाही. आणि गुप्ततेची खात्री असेल तरच माणूस आजार लपवणार नाही. म्हणजे प्रवाशाची सुरक्षितताही त्यातच आहे.

याचं उदाहरण मुंबईचं आहे. एका सरकारी कंपनीत एक कॅज्युअल कामगार होता. कायम होण्याची वेळ आली तेव्हा मेडिकलमध्ये एचआयव्ही निघाला. अंगाने धडधाकट होता, काम करू शकत होता, तरी त्याचं नाव यादीतून काढलं. तो हायकोर्टात गेला. १९९७ साली मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की, माणूस कामाला सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ या कारणाने त्याची रोजी हिरावता येणार नाही. त्याचं नाव जगाला कळू नये म्हणून कोर्टाने त्याला ‘एमएक्स’ या नावाने लढू दिलं. पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशी माहिती त्या माणसाच्या संमतीशिवाय उघड करण्यास बंदी घातली. एका कॅज्युअल कामगाराने ही वाट आधीच पाडली होती.

दुसरं नाव याच शहरातलं. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. वयाची ऐंशी उलटल्यावर, २०१२ साली, ते आधारच्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टात गेले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुट्टस्वामी २०२४ मध्ये वारले, पण हा हक्क आपल्या हाती ठेवून गेले.

आता ‘आभा’ नंबराकडे येऊ. केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू केलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला हा १४ आकडी नंबर. त्याचा उपयोग आहे, नाकारण्यात अर्थ नाही. मिरजेहून हुबळीला आणि हुबळीहून बंगळूरला बदली झालेल्या माणसाला फायलींचं गाठोडं वागवावं लागणार नाही. सरकारच्या धोरणाप्रमाणे हा नंबर ऐच्छिक आहे. प्रत्यक्षात काय झालं? २०२१ मध्ये करोनाची लस घेताना आधार दाखवलेल्या अनेकांचे आरोग्य नंबर न विचारताच तयार झाले. सीजीएचएसमध्ये तर मार्च २०२४ मध्ये आदेश निघाला, की १ एप्रिलपासून आभा जोडणं सक्तीचं, जुन्या कार्डधारकांना ३० दिवस. पुढे मुदत वाढवण्यात आली. टपालातल्या आपल्या बांधवांना आणि पेन्शनरांना ही धावपळ आठवत असेल. जे ऐच्छिक आहे त्याला मुदत कशी लागते, हे विचारणं आपलं काम आहे.

एकत्र केलेली माहिती फुटते, हेही लक्षात ठेवा. २०२० मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने सांगितलं की, भारतातल्या रुग्णांचे एक्स-रे आणि स्कॅन इंटरनेटवर उघडे पडले आहेत. त्यात महाराष्ट्र पहिला आणि कर्नाटक दुसरा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे कॉम्प्युटर हल्ला करून बंद पाडले, तेव्हा तिथे हाताने केसपेपर लिहायची पाळी आली.

ऑस्ट्रेलियात सरकारने सगळ्यांची आरोग्य नोंद उघडायचं ठरवलं, पण आधी नकार कळवायला मुदत दिली. ३१ जानेवारी २०१९ पर्यंत सुमारे २५ लाख लोकांनी ‘आम्हाला नको’ असं कळवलं. नकार दिला म्हणून कोणाचे उपचार थांबले नाहीत.

आपल्याकडेही नकाराची सोय आहे, पण ती कोणी सांगत नाही. म्हणून नीट ऐका. काउंटरवर ओटीपी मागितला, तर तो कशासाठी हे आधी विचारा. आभामधून तुमची नोंद कोणी मागितली, तर कोण मागतो, कशासाठी, कोणत्या तारखांची आणि किती दिवसांसाठी, हे मोबाइलवर दिसतं. नकार देता येतो. दिलेली संमती मागे घेता येते, मात्र आधी गेलेली माहिती परत येत नाही. नंबर तात्पुरता बंद किंवा कायमचा रद्दही करता येतो. तरीही हॉस्पिटलची स्वतःची नोंद हॉस्पिटलातच राहते.

२०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा म्हणतो की, संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य कलमांना तिथून १८ महिन्यांची मुदत दिली. पण याच कायद्याच्या सातव्या कलमात एक खिडकी उघडी आहे. नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरता येते. आपला मालक सरकार आहे. म्हणून हे कलम आपल्याला सगळ्यांत आधी वाचलं पाहिजे.

तेव्हा आपल्या मागण्या तीन. नंबर नाही म्हणून कोणाचाही उपचार अडता कामा नये. उपचाराची नोंद आणि पर्सोनेल ब्रँच यांच्यामध्ये पक्की भिंत हवी. ऑफिसला फक्त फिट-अनफिटचा दाखला जावा. आणि संमतीचा फॉर्म कामगाराच्या भाषेत, मराठीत, कन्नडमध्ये छापलेला हवा, त्यावर नकाराचा रकानाही हवा.

परत गेल्यावर प्रत्येक शाखेने आपल्या हॉस्पिटलचा फॉर्म मागवून घ्यावा आणि नकाराचा रकाना आहे का ते पाहावं. नसेल तर पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर पहिला विषय तोच घाला.