पांदण, घाट आणि जीप

खडकाळ, चिखलाच्या किंवा रस्ताच नसलेल्या जमिनीवर चालणारी गाडी तिच्या उंचीवरून ओळखली जात नाही. चारही चाकांना ओढ मिळण्याची सोय तिच्यात आहे की नाही, हे पाहिले जाते. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिचा दांडा ओढला की पुढच्या चाकांनाही ताकद मिळते. आणखी एका टप्प्यावर गाडीचा वेग कमी होऊन चाकांवरची ओढ वाढते. त्या टप्प्याला ‘फोर लो’ म्हणतात. महिंद्राच्या सध्याच्या थार जीपमध्ये हे प्रमाण सुमारे अडीच पट आहे. चढावर, चिखलात किंवा दगडांवरून सावकाश गाडी काढायची तर इंजिनाच्या एकूण ताकदीपेक्षा हीच सोय अधिक कामाची ठरते.

महाराष्ट्राचा या गाडीशी जुना संबंध आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी घडवलेली ही गाडी भारतात वनखाते, महसूल, पाटबंधारे आणि पोलीस अशा सगळ्या खात्यांत रुळली. पुढे सीजे-३बी, एमएम-५४०, सीएल-५५० अशी तिची देशी रूपे निघाली. २०१० मध्ये थार आली आणि २०२० च्या २ ऑक्टोबरला तिची दुसरी पिढी विक्रीस आली. थार नाशिकच्या कारखान्यात तयार होते. गुरखा बनवणारी फोर्स मोटर्स ही पुण्याची कंपनी आहे. तेव्हा विदर्भातल्या बुलढाण्याच्या ग्राहकाला या गाड्यांचे सुटे भाग आणि जाणकार मिस्त्री शोधायला फार लांब जावे लागत नाही. विदर्भात काळी-पिवळी म्हणून कमांडर, मार्शल आणि ट्रॅक्स वर्षानुवर्षे धावल्या. त्यांपैकी बहुतेकांची फक्त मागची चाके ओढत असत. तरी पाटे, बेअरिंग आणि डिझेल इंजिन दुरुस्त करणारे कुशल हात त्यांच्यामुळेच तालुक्यातालुक्यांत तयार झाले.

कोणते फेरफार उपयोगाचे, हे जमीन ठरवते. बुलढाणा जिल्ह्यातील लोक आपल्या मुलखाचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग सांगतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हे तालुके अजिंठ्याच्या रांगेलगतच्या पठारावर आहेत. तेथे उथळ माती, मुरूम आणि वर आलेला काळा बसाल्ट खडक आढळतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे तालुके पूर्णेच्या खोऱ्यात येतात. तेथे काळ्या मातीचा थर खोल असून काही पट्टा खारपाणाचा आहे. उत्तरेला सातपुड्यात भिंगाऱ्यासारखी आदिवासी गावे आहेत. तिकडच्या वाटेवर गोटे आणि पावसाळ्यात अचानक भरून वाहणारे नाले असतात. एकाच गाडीला चिखल, खडक आणि पाणी या तिन्हींतून जायचे असते आणि या तिघांच्या मागण्या एकमेकींशी जुळत नाहीत.

काळ्या मातीपासून सुरुवात करावी, कारण गाड्या सर्वाधिक फसतात त्या तिच्यातच. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. रस्त्याच्या टायरच्या खाचा दोन-चार फेऱ्यांतच भरून जातात. मग टायर गुळगुळीत होतो आणि चाक जागच्या जागी फिरत राहते. मड टेरेन टायरच्या खाचा रुंद व खोल असतात आणि चाक फिरताना त्यांतला चिखल बाहेर फेकला जातो. मात्र हा टायर डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरी वळणावर त्याची पकड कमी पडते. वर्षातले बहुतेक दिवस खामगाव ते चिखली असा डांबरी प्रवास आणि पावसाळ्यात शेताकडे फेरी, असा ज्याचा वापर आहे, त्याला ऑल टेरेन टायरच योग्य.

टायर बदलण्याआधी करून पाहावा असा उपाय म्हणजे हवा कमी करणे. त्याला एक पैसाही लागत नाही. डांबरावर ३० पीएसआयच्या आसपास असलेला दाब १८ ते २० पर्यंत आणला की टायर जमिनीला लांबवर टेकतो, वजन पसरते आणि चाक रुतण्याऐवजी वर राहते. बुलढाण्यात मात्र येथे एक अडचण आहे. शेताकडे जाणाऱ्या पांदणीच्या दोन्ही बाजूंना बाभळी असतात. हवा कमी केली की टायरची बाजू बाहेर फुगते आणि बाभळीचा काटा नेमका तेथे शिरतो. ट्यूबलेस टायरच्या तळाचे पंक्चर वादी घालून बुजवता येते, बाजूचे नीट बुजत नाही. म्हणून काटेरी कुंपणाच्या कडेने जाताना दाब थोडा जास्त ठेवावा आणि चिखल ओलांडल्यावर लगेच हवा भरावी. गाडीत बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप आणि दाब मोजण्याचे मीटर असणे हे कोणत्याही दिव्यापेक्षा किंवा बंपरपेक्षा अधिक गरजेचे आहे.

मोठा टायर बसवण्याचा मोह सर्वांना होतो. त्याचा फायदा खरा आहे. ॲक्सलच्या मधोमध लटकणारी डिफरन्शिअलची पेटी हा गाडीचा सर्वांत खालचा भाग. तिची जमिनीपासूनची उंची फक्त मोठ्या टायरनेच वाढते. पाटे उंच करून, म्हणजे लिफ्ट किट बसवून, बॉडी आणि चेसिस वर जातात. ॲक्सल मात्र जिथल्या तिथेच राहतो. त्यामुळे चढाच्या टोकाला पोट टेकणे टळते, पण चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर डिफरन्शिअल घासायचे ते घासतेच. जुन्या जीपला सहा इंच रुंद आणि सोळा इंची रिमचे टायर येत. त्यांचा व्यास सुमारे २८ इंच. त्यांच्या जागी ३१ इंचांचे टायर बसवले, तर स्पीडोमीटर ताशी ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६ ने धावत असते. चाक मोठे झाल्याने प्रत्येक गिअर लांब होतो आणि चढावर ओढ कमी पडते. चाकाचे वजन वाढल्याने ब्रेकवर भार येतो. बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरताना हा भार लगेच जाणवतो. तेथे खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधावर उतरणे हाच शहाणपणा.

लिफ्टचे परिणाम येथेच संपत नाहीत. गाडी जितकी उंच, तितका तिचा गुरुत्वमध्य वर आणि आडव्या उतारावर कलंडण्याचा धोका जास्त. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस लवकर जातात. ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बिघडला की खड्ड्यात चाक आपोआप वळते. दीड-दोन इंचांपलीकडची लिफ्ट नळ्या, शाफ्ट आणि स्टिअरिंग यांचे सगळे हिशेब पुन्हा मांडल्याशिवाय करू नये. केवळ दिसण्यासाठी केलेली उंची हे या छंदातले सर्वांत महागडे आणि सर्वांत धोक्याचे काम आहे.

चारही चाकांना ओढ मिळूनही गाडी का अडकते, याचे उत्तर डिफरन्शिअलमध्ये आहे. वळणावर आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या वेगाने फिरावे म्हणून डिफरन्शिअल असते. पण एक चाक हवेत लटकले किंवा चिखलात सुटले की सगळी फिरकी त्याच चाकाकडे जाते आणि जमिनीवरचे चाक गप्प राहते. सातपुड्याच्या गोट्यांवर हे हमखास घडते. यावर उपाय म्हणजे डिफरन्शिअल लॉक. गुरखामध्ये तो पुढे-मागे दोन्हीकडे मिळतो, थारच्या काही प्रकारांत मागच्या बाजूला आपोआप जुळणारा यांत्रिक लॉक मिळतो. नवी गाडी घेताना लॉक असलेला प्रकार निवडावा. नंतर वेगळा बसवण्यापेक्षा ते स्वस्त आणि निर्धोक पडते. कोरड्या डांबरावर मात्र चारचाकी ओढ लावू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगळे अंतर कापतात, शाफ्टमध्ये पीळ बसतो आणि ट्रान्सफर केसचे दाते झिजतात.

पाण्याबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. दुसऱ्या पिढीच्या थारची पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर सांगितली जाते. हा आकडा उभ्या पाण्यासाठी आणि सावकाश जाण्यासाठी आहे. २२ जुलै २०२३ ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी होऊन नद्या-नाल्यांना पूर आला. तसल्या वाहत्या गढूळ पाण्यात कोणत्याही गाडीची कोणतीही क्षमता कामाची नाही. पुलावरून पाणी जात असेल तर थांबावे. स्नॉर्केलमुळे इंजिनात जाणारी हवा वरून घेतली जाते, एवढेच. पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारणे म्हणजे इंजिन गमावणे. आणखी एक जागा दुर्लक्षित राहते. ॲक्सल आणि गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी ब्रीदरच्या बारीक नळ्या असतात. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. नाला ओलांडल्यानंतर डिफरन्शिअलचे तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर लगेच बदलावे. ब्रीदरची नळी लांबवून बॉनेटखाली वर नेणे हा थोड्या खर्चाचा फेरफार आहे आणि या जिल्ह्यात तो प्रत्येक जुन्या जीपला करावा असा आहे.

गाडी फसली तर विंचचा, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राचा, उपयोग आहे, पण ती जड असते आणि पुढच्या पाट्यांवर भार टाकते. एकट्याने डोंगरात जाणाऱ्यालाच ती शोभते. इतरांना फावडे, मजबूत पट्टा, दोन डी-शॅकल आणि गाडीच्या चेसिसला पक्के बसवलेले हूक पुरतात. बंपरला किंवा टो-बॉलला दोर बांधून झटका देऊ नये. टो-बॉल तुटला तर गोळीसारखा उडतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो. दोर ताणला असताना आजूबाजूला कोणी उभे राहू नये. शेतात फसलेल्या गाडीला जुना वऱ्हाडी उपाय आजही चालतो. चाकांपुढचा चिखल फावड्याने काढायचा, बांधावरच्या तुराट्या किंवा पऱ्हाट्यांच्या मोळ्या चाकाखाली आडव्या घालायच्या, फोर लोमध्ये दुसरा गिअर टाकून क्लच हळू सोडायचा. चाक जोरात फिरवले की मोळी मागे फेकली जाते आणि खड्डा वाढतो.

निगराणीची बाब थोडक्यात. उन्हाळ्यात घाटाखालच्या धुळीने एअर फिल्टर लवकर भरतो. जुन्या जीपच्या तेलाच्या एअर फिल्टरमधले तेल धुळीच्या दिवसांत वारंवार बदलावे लागते. प्रत्येक चिखलफेरीनंतर चाकांची बेअरिंग, ब्रेक आणि पाट्यांचे यू-बोल्ट तपासावेत.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिले गेले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. पुढचा लोखंडी क्रॅश गार्ड केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवला. पादचाऱ्याला तो घातक असतो आणि अपघातात धक्क्याचा मार्ग बदलून एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतो. इंजिन किंवा रंग बदलायचा असेल तर उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन नोंदणीत तो दाखवावा लागतो. बुलढाण्याची नोंदणी एमएच-२८ या क्रमांकाने होते. जुनी जीप विकत घेणाऱ्याने चेसिसवर कोरलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावा. इंजिन बदललेले आणि नोंद नसलेली जीप कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला जाते, तेव्हा ही तफावत उघड होते. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळे दावा नाकारला जाऊ शकतो.

गाडी कोठे न्यायची, हाही मालकीचाच भाग आहे. ज्ञानगंगा अभयारण्य आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येणारे अंबाबरवा अभयारण्य याच जिल्ह्यात आहेत. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक वाघ २०१९ मध्ये शेकडो किलोमीटर चालून ज्ञानगंगेत आला होता. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात सार्वजनिक रस्ता सोडून परवानगीशिवाय शिरता येत नाही. लोणारचे विवरही अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. त्याच्या उतारावर चाक नेण्याचा विचारसुद्धा करू नये. कसब शिकवण्यासाठी महिंद्राने इगतपुरीला प्रशिक्षण केंद्र उभारले होते. स्पर्धेची हौस असेल तर २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेली पावसाळी रेनफॉरेस्ट चॅलेंज आहे. तेथे आखलेल्या जागेत, बचाव पथकाच्या देखरेखीखाली गाडी चालते.

गावाजवळ सरावासाठी स्वतःचे पडीक शेत किंवा मालकाच्या परवानगीची माळरान जमीन पुरेशी आहे. पांदण ही शेतकऱ्यांच्या वहिवाटीची वाट आहे. ऐन पावसात तिच्यावर जड जीप फिरवली की खोल चाकोऱ्या पडतात, त्या वाळून कडक होतात आणि पेरणीच्या दिवसांत बैलगाडी व ट्रॅक्टर त्यांत अडकतात. जीपच्या मालकांनी वाफसा येईपर्यंत पांदणीत गाडी घालू नये, आणि नाइलाजाने घातली तर पडलेल्या चाकोऱ्या फावड्याने बुजवूनच परतावे.